दर दिवाळीला नवं नाटक: झाडीपट्टी रंगभूमीचा प्रकरण अभ्यास

२०२३ साली पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचे दोन आकडे सगळीकडे छापून आले. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे निरनिराळ्या भूमिका. आकडे थक्क करणारे आहेतच, पण खरी गंमत ते एकमेकांनी भागल्यावर कळते. एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा-सव्वासहा प्रयोग येतात.

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीच्या हिशेबात सहा प्रयोग म्हणजे पडलेलं नाटक. तिथे नाटक चाललं म्हणजे त्याची शंभरी झाली, पाचशे झाले, मूळ संच थकला आणि दुसरा उभा राहिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे खुणे मात्र आपल्या मुलखातल्या सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. तेव्हा सहाची सरासरी ही मागणी नसल्याची खूण असू शकत नाही. मागणी भरपूर आहे आणि ती नव्या नाटकाला आहे. सरासरी अर्थात फसवी असते. एखादी भूमिका पन्नासदा झाली असेल, एखादी एका रात्रीपुरतीच. तरीही एका नटाला आठशे भूमिका मिळायच्या तर शेकड्यांनी नाटकं कुणीतरी लिहिलेली असावी लागतात. ती कुणी लिहिली, कुणाच्या आग्रहाने लिहिली आणि हंगाम संपल्यावर त्यांचं काय झालं, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे.

तो घेण्याचं कारण असं. स्थानिक लेखकांच्या नव्या नाटकांसाठी प्रादेशिक महोत्सव हवा, असं आपल्याकडे अधूनमधून म्हटलं जातं. म्हणणं रास्त आहे. पण बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा स्पर्धाच असते: संहिता मागवायच्या, परीक्षक नेमायचे, तीन दिवस प्रयोग, शेवटी करंडक आणि मान्यवरांची भाषणं. झाडीपट्टीत यातलं काही नसताना दर हंगामाला नवी नाटकं उभी राहतात. लेखकाला घडवायचा विडा तिथे कुणीही उचललेला नाही. तरी लेखक घडतात, आणि त्यांची नाटकं तितक्याच सहजपणे हरवतात. या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेतून येतात, असं माझं मत आहे.

मुलूख आणि मोसम

झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला पूर्व विदर्भ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याची पूर्वेकडची कड. जंगल, मालगुजारी तलाव आणि धान. नाटकाचं वेळापत्रक धानच ठरवतं. हलकं धान दिवाळीच्या सुमाराला निघतं, भारी त्यानंतर. हातात थोडा पैसा खुळखुळतो, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या होतात, थंडी पडू लागते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. मंडई म्हटलं तर जत्रा, पण देवापेक्षा पाहुण्यांची. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार हे इथलं लोकनाट्य होतं, लग्नाच्या मुलामुलींची स्थळं बोलण्यात निघतात आणि रात्री नाटक असतं. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. पटाच्या गावातही रात्र नाटकाचीच. होळीच्या आसपास हंगाम ओसरतो.

नाटक रात्री दहाच्या सुमाराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, याचा खुलासाही पाहुण्यांत आहे. पाच-दहा कोसांवरून आलेला माणूस मध्यरात्री परत निघणार कसा आणि जाणार कुठे? त्याची रात्र काढून देणं हे नाटकाचं पहिलं काम. ही सवय नाटकाच्याही आधीची. दंडार, खडीगंमत, गोंधळ हे प्रकार इथे रात्र जागवत आले आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा, म्हणजे इथल्या मराठी बोलीचा, आणि दंडारीचा जो अभ्यास केला, तो वाचणाऱ्याला इथल्या नाटकातली गाणी आणि मध्येच उगवणारा विनोदी जोडीदार कुठून आले याचा पत्ता लागतो. पडदा, प्रवेश, अंक हे सगळं नंतर आलं आणि त्या जुन्या रात्रीवर बसलं.

जोखीम कुणाची?

कागदोपत्री देसाईगंज आणि बोलण्यात वडसा, हे गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव या धंद्याची पेठ आहे. हंगामाच्या तोंडावर इथे नाट्यकंपन्यांची कार्यालयं उघडतात, पाट्या लागतात, नव्या नाटकांची पोस्टरं झळकतात. गावचं मंडळ येतं, चार कार्यालयं फिरतं, नाटक पसंत करतं, रक्कम ठरते, तारीख पक्की होते. ठरल्या दिवशी कंपनी नट, वादक आणि रंगमंचाचं सामान घेऊन पोचते. गाव जागा देतं, प्रचार करतं, तिकिटं विकतं. तिकीट खपलं तर नफा गावाचा. तो देवळाच्या, शाळेच्या किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाच्या कामी येतो. नाही खपलं तर खड्डाही गावाच्याच खिशाला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका कलमात आहे. जोखीम गावाने उचललेली असते, त्यामुळे निवड गाव करतं. आणि गाव एकटं नसतं. त्याच रात्री पंचक्रोशीत दुसऱ्या दोन मंडया असू शकतात, त्यांचीही नाटकं असतात. गेल्या वर्षी पाहिलेलं नाटक आणलं तर आपलेच पाहुणे शेजारच्या गावच्या मंडपात जाऊन बसतील ही भीती खरी असते. म्हणून वडशाला आलेल्या मंडळाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यंदा नवं काय? त्याला उत्तर द्यायचं तर कंपनीला लेखक गाठावा लागतो, आणि तोही पावसाळ्यातच, कारण दिवाळीला पोस्टर लागायला हवं.

इतर ठिकाणी आपण नव्या लेखनाला कसा जोर देतो ते शेजारी ठेवून पाहावं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि हौशी रंगभूमी जिवंत ठेवण्यात तिचा वाटा मोठा आहे. पण तिथे जुनं, छापील नाटकही चालतं. नवं लिहिण्याची सक्ती नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासूनचा. त्यातून आणि त्याच्यासारख्या इतर एकांकिका स्पर्धांतून मराठीला किती लेखक मिळाले हे सांगायला नको. मात्र तो लेखक विद्यार्थी असतो. कॉलेज सुटलं की त्याचा मंच सुटतो, आणि एकांकिकेवरून दोन अंकांवर जायला त्याला हात देणारं फारसं कुणी नसतं. स्पर्धेत लिहिणारा परीक्षकांकडे पाहतो. झाडीपट्टीत लिहिणारा तिकीट काढून जमिनीवर बसलेल्या माणसाकडे पाहतो, आणि तो माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असणार हे त्याला ठाऊक असतं.

लिहिणारा माणूस

इथला लेखक बहुधा फक्त लेखक नसतो. तो नट असतो, दिग्दर्शक असतो, कंपनी चालवणाराही असतो. घरी शेती किंवा नोकरी असतेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर लिहितात, बसवतात आणि कामही करतात. ही तिहेरी भूमिका या मुलखात नवलाची नाही. त्यामुळे लेखनाची पद्धतच वेगळी होते. पात्र आधी सुचून मग नट शोधला जात नाही. अमका गायक आहे, तमकी रडवणारी आहे, विनोदी भूमिकेला या वर्षी कोण मिळणार हे ठरलंय, आता यांना घेऊन रात्रभर पुरेल असं कथानक बांधायचं. शहरी लेखकाला हे बंधन वाटेल. मला ते अनेक नाट्यलेखन शिबिरांहून सरस शिक्षण वाटतं, कारण शिबिरात लेखकाला नट मिळतो तो वाचनापुरता, आणि प्रेक्षक मिळतच नाही.

रात्रभराच्या नाटकाचं बांधकाम सोपं नसतं. गंभीर कथानक आणि विनोदी कथानक आलटूनपालटून चालवावं लागतं, एकाने दुसऱ्याला विसावा द्यावा लागतो. मध्यरात्रीनंतर लहान मुलं झोपतात, म्हातारी माणसं पेंगतात; त्या वेळेला कुठलं गाणं, कुठली मारामारी, कुठला गौप्यस्फोट ठेवायचा याचं गणित असतं. चहाला उठून गेलेल्या माणसाला परत आल्यावर धागा सापडला पाहिजे. शिवाय एकाच हंगामात अनेक नाटकं अंगावर असलेल्या नटाला पाठांतराला वेळ तो किती? संवाद ऐकताच तोंडात बसतील असे लागतात. प्रसंग इतका स्पष्ट लागतो की शब्द इकडचा तिकडे झाला तरी कोसळू नये. या नाटकांना भडक म्हणणारे समीक्षक निम्मं खरं बोलतात. भडकपणा आहे. पण उघड्या मैदानात, थंडीत, पहाटे तीन वाजता अर्ध्या स्वरात काही सांगता येतं का, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

विषय घरचेच. हुंडा, भावकी, जमिनीची वाटणी, परतून आलेली लेक, कर्जात बुडालेला शेतकरी आणि दारू. दारूचं उदाहरण बोलकं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. नदीच्या एका तीरावर एक कायदा आणि दुसऱ्या तीरावर दुसरा, अशी स्थिती आधीही होती, नंतरही झाली. नाटकातला दारुडा मात्र दोन्ही तीरांवर तसाच उभा राहतो, कारण ज्या बायका समोर बसलेल्या असतात त्यांच्या घरचा प्रश्न अधिसूचनेने सुटलेला नसतो. सरकारी प्रचारनाट्य आणि हे नाटक यांत फरक पडतो तो इथे. प्रेक्षकाने पैसे मोजलेले असल्यामुळे नुसता उपदेश खपत नाही. दारुड्याने आधी लोकांना हसवावं लागतं, मग त्याच्या बायकोचं ऐकलं जातं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. लेखक स्थानिक, नट स्थानिक, प्रश्न स्थानिक. पण पुष्कळ नाटकांत नायक-नायिका, वकील, पाटील, डॉक्टर प्रमाण मराठीत बोलतात आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्रांच्या तोंडी. आपल्या बोलीत हसायला मोकळीक, रडायचं मात्र पुस्तकी मराठीत. यात लेखकाचा दोष कमी आणि प्रतिष्ठेच्या जुन्या कल्पनेचा जास्त. शाळेत, कचेरीत, रेडिओवर जी भाषा मोठी म्हणून ऐकली, तीच रंगमंचावर मोठ्या माणसाला दिली गेली. गाव आपल्या पैशाने नाटक आणतं तेव्हा बोलीतल्या शोकांतिकेचा जुगार ते खेळणार नाही, आणि त्याने तो का खेळावा? बाजार जे करू शकत नाही त्याचं हे एक ठळक उदाहरण. दुसरं त्याहून गंभीर आहे.

वहीचं काय होतं

ज्या बाजाराला दरवर्षी नवं लागतं, त्याला जुन्याची गरज नसते. नाटकाची वही लिहिली जाते, तिच्या प्रती निघतात, तालमीत खाडाखोड होते, हंगामभर ती प्रवास करते. होळी होते. पुढच्या पावसाळ्यात लेखक नवी वही उघडतो. बहुतेक संहिता छापल्या जात नाहीत. त्यामुळे त्या भागाबाहेरच्या वाचकाला, अभ्यासकाला, दुसऱ्या जिल्ह्यातल्या हौशी संस्थेला त्यांचा पत्ताच नसतो. मराठी नाटकाचे इतिहास लिहिणाऱ्यांनी झाडीपट्टीला एखादं पान देऊन निरोप दिला, याला त्यांचं शहरीपण कारण आहेच. पण हातात घेऊन वाचता येईल असं फार थोडं होतं, हेही आहे.

त्याहून मोठं नुकसान कलेचं आहे. नाटक पहिल्या प्रयोगाला पुरं होत नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगात कळतं की अमुक प्रवेश लांबला, तमुक गाण्याने पकड सुटते. पाचव्याला विनोदी नटाने घातलेलं एखादं वाक्य लेखकाच्या चार पानांपेक्षा भारी पडतं. सहाव्यापर्यंत नाटक कुठे घट्ट बसलेलं असतं, आणि तेवढ्यात त्याचे दिवस संपतात. ती बसलेली, घासून आलेली आवृत्ती वहीत परत उतरवायला कुणाला सवड नसते आणि कारणही नसतं. इथला लेखक पहिला खर्डा लिहिण्यात पटाईत होतो. दुसरा खर्डा त्याला कुणी मागितलेलाच नसतो. एकाच माणसाने पंचवीस वर्षांत पंचवीस पहिले खर्डे लिहिले, तर त्याची वाढ कुठल्या दिशेने होईल याचा अंदाज बांधता येतो: वेग वाढतो, हातोटी येते, खोली क्वचित.

हक्कांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं नसेल तर लिहिलेल्या नाटकाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तोंडी ‘दिलं नाटक’ म्हटल्याने मालकी जात नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. नोंदणी बंधनकारक नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. तोंडी बोलीवर चालणाऱ्या धंद्यात यातली किती कलमं लेखकाच्या घरात पोचली असतील, हे वाचकाने ताडावं. ज्या वहीला उद्या किंमत नाही, तिच्या हक्कांची चौकशी आज कोण करतो? आणि हक्कांची चौकशी होत नाही म्हणून वहीला किंमत येत नाही. कुणीतरी बाहेरून हात घातल्याशिवाय हे चक्र तुटणार नाही.

शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाहीर प्रयोगाआधी संहिता सादर करून प्रमाणपत्र घेण्याचा नियम आहे. या मंडळावर अभिव्यक्तीच्या अंगाने पुष्कळ वाद झाले आणि ते योग्यच होते. गंमत अशी, की सेन्सॉर म्हणून नकोसं वाटणारं हे टेबल संहितेची एक स्वच्छ प्रत मागणारं जवळजवळ एकमेव ठिकाण आहे.

धक्के

यंत्रणा किती चिवट आहे हे गेल्या दहा-बारा वर्षांत दिसलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि पटाच्या आधाराने होणाऱ्या रात्रींचं निमित्तच गेलं. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत मंडईच्या आधारावर हंगाम तगला. २०१६ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. रोख तिकिटावर चालणाऱ्या धंद्याला याहून वाईट तारीख शोधून सापडली नसती. मार्च २०२० ची टाळेबंदी हंगामाच्या शेपटाला आली, पण तिची सावली पुढच्या दिवाळीवर पडली. याशिवाय ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेतच. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांना फार तर बारापर्यंत सवलत. झाडीपट्टीचं नाटक नेमकं दहाला सुरू होतं.

हे सगळं पचवणाऱ्या रंगभूमीला मला खरा धोका वाटतो तो दुसराच. मुंबई-पुण्याहून मालिका-चित्रपटातली नटी किंवा नट आणून त्यांचा चेहरा पोस्टरवर मोठा छापायची प्रथा आता रुळली आहे. स्थानिक नटांना त्यांच्यासोबत काम करायला मिळतं, तिकीट खपतं, तक्रार कशाची करायची? पण मंडळाच्या ‘यंदा नवं काय?’ या प्रश्नाला नव्या चेहऱ्याने उत्तर मिळू लागलं, तर नव्या नाटकाची गरज तेवढी पातळ होते. डान्स हंगामा नावाच्या नाचगाण्याच्या प्रकाराने काही गावांत नाटकाची रात्रच पळवली, त्यावर बोललं-लिहिलं जातं. चेहऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो नाटकाच्या आत बसून काम करतो.

महोत्सवाने काय करावं

इथवरचं पटत असेल तर झाडीपट्टीत नव्या नाटकांचा महोत्सव भरवताना आणखी एक मंच उभारण्यात अर्थ नाही. मंच आहे, प्रेक्षक आहे, तारीख आहे, पुढचं वर्षही आहे. हिवाळ्यात महोत्सव ठेवला तर कंपन्यांच्या तारखा कापल्या जातील आणि नट चिडतील, ते वेगळंच. महोत्सवाची जागा होळी आणि पेरणी यांच्या मधल्या उन्हाळ्यात आहे.

नवी संहिता मागवायचीच नाही. नुकत्याच संपलेल्या हंगामात खेळली गेलेली चार-पाच नाटकं निवडायची, आणि निवडायला वडशाच्या पेठेत फिरलेली मंडळांची माणसं बसवायची. सोबत एखादा बाहेरचा नाटककार असू द्यावा, पण अल्पमतात. मग लेखक, दिग्दर्शक, पडद्याआडून वाक्यं पुरवणारा माणूस आणि मुख्य नट यांना आठ-दहा दिवस एकत्र बसवायचं आणि वहीत जे होतं ते नव्हे, शेवटच्या प्रयोगात जे झालं ते उतरवायचं. प्रयोगाचं चित्रीकरण असेल तर काम निम्मं होतं. त्यावर लेखकाने दुसरा खर्डा करायचा, पुरेसे पैसे घेऊन. मोठ्याने वाचन, दुरुस्ती, पुन्हा वाचन. यात एक मोह टाळावा लागेल: नाटक छाटून अडीच तासांचं, मुंबईच्या नाट्यगृहात बसेल असं करण्याचा. रात्रभराचं नाटक हा या मुलखाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्याची मोडतोड करून मिळणारी दाद फार महाग पडते.

दरवर्षी निदान एका नाटकाचा दुसरा खर्डा अथपासून इतिपर्यंत झाडीबोलीत व्हावा. नायिका त्याच बोलीत रडेल, वकील त्याच बोलीत वाद घालेल. प्रयोग फसला तरी चालेल. जोखीम गावाने नव्हे, महोत्सवाने घेतलेली असेल, आणि महोत्सवाकडे पैसा असतो तो याचसाठी.

नंतर छपाई. साधी, स्वस्त आणि प्रयोगाच्या परवानगीचा पत्ता व मानधनाचा दर आत ठळक छापलेली. लेखी करार आधी. कंपन्यांना धास्ती वाटेल की छापलं म्हणजे दुसरी कंपनी उचलणार. ती धास्ती खोटी नाही. झाडीपट्टीपुरता प्रयोगाचा हक्क पुढचा एक हंगाम मूळ कंपनीकडेच राखून ठेवला तर मार्ग निघू शकतो. बाहेरच्या जिल्ह्यांना पहिल्या दिवसापासून मोकळीक द्यावी. नागपूरच्या किंवा सांगलीच्या हौशी संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेत झाडीपट्टीचं नाटक केलं, तर लेखकाच्या हाती पैसा आणि कंपनीच्या हाती जाहिरात.

अडणार आहे ते वेगळ्या ठिकाणी. दुसरा खर्डा उतरवताना विनोदी प्रवेशांत लेखकाचं किती आणि नटाचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. हंगामभर रात्री जागवून ज्याने ती वाक्यं रचली, तो नट ‘हे माझं’ म्हणाला तर त्याचं चुकलं असं म्हणता यायचं नाही, आणि मुखपृष्ठावर नाव तर एकट्या लेखकाचं असणार. मानधनात त्याचा वाटा ठेवायचा, की सहलेखक म्हणून नाव घालायचं, की नुसते आभार मानायचे, हे वही उघडण्याआधी दोघांना समोरासमोर बसवून कागदावर घेतलं पाहिजे. एकदा छापून झाल्यावर हा वाद कंपनीच्या दारात जाईल, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात कुणीही आपली वही महोत्सवाच्या हातात देणार नाही.